टफी, बस!

परवा मामीला फोन केला होता. बोलता बोलता मागून तिच्या नव्या पिल्लाचं भुंकणं सुरू झालं आणि मामी ओरडली, "सिट! सिट म्हटलं ना!" उभा जन्म फर्दापुरात गेला, देवाशीसुद्धा मराठीत भांडते, पण कुत्र्यापुढे एकदम मडमीण! हसू आलं. मग टफी आठवला आणि हसू गेलं.

1994 साली 'हम आपके हैं कौन' आला आणि गावोगावच्या पांढऱ्या पॉमेरियनांचं बारसं एका फटक्यात उरकलं. आमचाही टफीच. मी तेव्हा आठवीत. सुट्टीत आजोळी गेलो, ते रद्दीत सापडलेलं कुत्र्यांच्या शिकवणीचं एक जुनं पुस्तक घेऊनच. त्यात लिहिलं होतं: हुकूम एकदाच द्या, साखळीला झटका द्या, पाठ दाबून खाली बसवा. मी अगदी तसंच केलं. वीतभर जीव तो! तिसऱ्या दिवशी 'सिट' ऐकलं की टफी पलंगाखाली जाऊन मुतायला लागला. मला वाटलं, कुत्रंच ढ आहे.

खूप वर्षांनी कळलं की हा झटका मुळात घरगुती कुत्र्यांसाठी नव्हताच. कॉनराड मोस्ट नावाचा एक जर्मन पोलीस अधिकारी होता. त्याने 1910 साली कुत्र्यांच्या प्रशिक्षणावर पुस्तक लिहिलं. कुत्रे पोलिसांचे, दणकट. चूक झाली की झटका, जमलं की शाबासकी. पुढे हीच रीत पोलिसांतून आणि लष्करांतून जगभर पसरली. आपल्याकडे मुंबई पोलिसांचं श्वानपथक 1959 साली सुरू झालं, तेही तीन डॉबरमनवर. 'सिट', 'स्टे' हे शब्द साहेबाच्या बंगल्यावरून आणि परेड ग्राउंडवरूनच आपल्या ओसरीपर्यंत आले असावेत, असा माझा आपला अंदाज. नाहीतर फर्दापूरच्या घाटावर, अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात, शिकारीला निघालेल्या राजाबरोबर कुत्रे रंगवलेत. पाचव्या शतकातले ते कुत्रे. त्यांना कोणी 'सिट' म्हणत नव्हतं एवढं नक्की!

झटक्याला खरा शह दिला तो डॉल्फिनने. कॅरेन प्रायर ही बाई 1960च्या दशकात हवाई बेटांवर डॉल्फिनना शिकवायची. आता पाण्यातल्या डॉल्फिनच्या गळ्यात साखळी घालणार कशी? रागावलात तर तो सरळ पोहत लांब जातो. म्हणून हवी ती हालचाल झाली की त्या क्षणी शिट्टी, आणि मग मासा. 1984 साली तिने यावर पुस्तक लिहिलं आणि हळूहळू कुत्र्यांचे शिक्षकही त्या वाटेने आले. शिट्टीच्या जागी टिकटिक वाजणारी डबी, माशाच्या जागी खाऊ.

हे वाचताना मला सारखी आजी दिसत होती. त्याच सुट्टीतली. चौथ्या दिवशी तिने माझ्या हातातून साखळी काढून घेतली, एक शब्दही न बोलता. "यू यू यू" करत टफीला पलंगाखालून बाहेर काढलं. ज्वारीच्या भाकरीचा नखाएवढा तुकडा त्याच्या नाकाशी धरला आणि सावकाश डोक्यावरून मागे नेला. तुकड्यामागे नाक वर गेलं आणि आपोआप बूड खाली टेकलं. टेकलं त्या क्षणी आजी म्हणाली, "बस," आणि तुकडा तोंडात. आधी बसणं, मग शब्द. पाच-सहा वेळा झालं की ती उठून कामाला लागायची. संध्याकाळी परत तेवढंच. आठवड्याभरात नुसत्या "बस"वर टफी बसायला लागला. 'ये' आणि 'थांब' पण तिनेच शिकवलं. थांबायचं म्हणजे आधी एक पाऊल, मग दोन, मग उंबऱ्यापर्यंत.

माझ्या 'सिट'वर तो कधीच बसला नाही. पुढच्या सुट्टीत मी दारातून आत आलो तेव्हा शेपूट हलवत आला खरा, पण खुंटीवरच्या साखळीकडे माझा हात गेला आणि हा आजीच्या लुगड्यामागे. शेवटपर्यंत तसंच. आजीने मला त्यावरून कधी टोमणा मारला नाही, हे अजून लागतं.

असो. मामीला भाकरीची युक्ती सांगितली. ती म्हणाली, "भाकरीला तोंड नाही लावत रे हा, पार्ले-जी मागतो."