बोगनवेलीमागची बाई

आपल्यापैकी पुष्कळजणींच्या गॅलरीत कुंडीतली बोगनवेल फुलते. ही वेल मूळची दक्षिण अमेरिकेतील. तिला बोगनव्हिल या फ्रेंच दर्यावर्दीचे नाव मिळाले. परंतु तिच्या इतिहासात एक स्त्रीही आहे, झान बारे.

१७६६ साली बोगनव्हिलची पृथ्वीप्रदक्षिणेची सफर सुरू झाली. तीत कॉमर्सन नावाचे वनस्पतिशास्त्रज्ञ होते. फ्रेंच आरमाराच्या जहाजांवर स्त्रियांना बंदी होती. म्हणून मजुराची मुलगी झान पुरुषवेष करून त्यांची मदतनीस म्हणून निघाली. कॉमर्सन यांचा पाय अधू, त्यामुळे डोंगर चढणे, रोपे जमवणे, ओझी वाहणे हे बरेचसे तिच्याच अंगावर पडे. १७६७ साली ब्राझीलमधील रिओ येथे ही वेल त्यांना मिळाली. ती झाननेच शोधून आणली असावी, असे काही अभ्यासक मानतात.

१७६८ साली ताहिती बेटावर तिचे गुपित फुटले. १७७३ साली कॉमर्सन मॉरिशसला वारले. झान पुढे मायदेशी परतली आणि पृथ्वीप्रदक्षिणा करणारी पहिली ज्ञात स्त्री ठरली. १७८५ साली सरकारने तिला वेतन बांधून दिले. पण वनस्पतीला तिचे नाव मिळायला २०१२ साल उजाडले, आणि ती वनस्पती वांगी-बटाट्याच्या कुळातली!

बोगनवेलीला ऊन भरपूर व पाणी बेताचे द्यावे. तिचा रंग पानांचा असतो. खरे फूल म्हणजे मधली चिमुकली पांढरट नळी. हळदीकुंकवाला आलेल्या पाहुणीने वेलीचे नाव विचारले, तर झानचेही नाव अवश्य सांगावे.