नाव झाकलेले आणि नाव सांगितलेले

दर वर्षी ६ जानेवारीला पत्रकार दिन येतो आणि गावोगावी बाळशास्त्री जांभेकरांच्या तसबिरीला हार पडतो. तसबिरीतले बाळशास्त्री चांगले पोक्त दिसतात, एखाद्याचे आजोबा शोभावेत असे. प्रत्यक्षात १८३२ साली याच तारखेला ‘दर्पण’चा पहिला अंक निघाला तेव्हा ते विशीच्या आसपास होते. त्यांच्या जन्मसालाबद्दल अभ्यासकांत वाद आहे, पण तो एक-दोन वर्षांचा. १८४६ साली ते वारले तेव्हा त्यांनी चाळिशीही गाठली नव्हती. मराठी वृत्तपत्राची पहिली पंचवीसेक वर्षे बरीचशी पंचविशीच्या अलीकडे-पलीकडे असलेल्या माणसांनी चालवली आणि लिहिली. हार घालताना ते आपल्या लक्षात राहत नाही.

मला या काळात रस वाटतो तो एका साध्या प्रश्नामुळे. ज्या समाजात वडीलधारी बसली असताना तरुण मुलाने तोंड उघडू नये असा दंडक होता, तिथे त्याने चारचौघांच्या कारभारावर बोलायचे तरी कुठे? घरात आजोबा, चुलते, वडील. बाहेर जातीचे पंच, शास्त्री, भिक्षुक. कचेरीत साहेब. बोलला तर घरात अबोला, जातीत ग्रामण्य, कचेरीत नोकरीवर पाणी. ही भीती कल्पनेतली नव्हती. १८४३ मध्ये मिशनऱ्यांकडे राहिलेल्या श्रीपत शेषाद्री या मुलाला प्रायश्चित्त देऊन पुन्हा जातीत घ्यावे, अशी उघड भूमिका बाळशास्त्रींनी घेतली, तर सनातनी मंडळी त्यांच्यावरच उलटली. एलफिन्स्टनमध्ये शिकवणाऱ्या, सरकारदरबारी मान असलेल्या माणसाची ही गत, तर सामान्य विद्यार्थ्याचे काय झाले असते?

वाट निघाली ती वर्तमानपत्राच्या पत्रव्यवहारात. ‘दर्पण’मध्ये एका स्तंभात मराठी आणि शेजारी इंग्रजी असा मजकूर असे आणि वाचकांची पत्रेही छापली जात. पत्राखाली खरे नाव असलेच पाहिजे असे नव्हते. १८३५ साली मेटकाफच्या कारकिर्दीत छापखान्यांचा नवा कायदा झाला. परवान्याची अट गेली, पण मुद्रक आणि प्रकाशक यांनी सरकारदरबारी प्रतिज्ञापत्र द्यावे व अंकावर त्यांची नावे छापावीत, असे बंधन आले. लेखकाचे नाव मात्र कायद्याने मागितले नाही. या फटीतून एक पिढी बोलू लागली. सही टोपणनावाची असली की लिहिणारा बावीस वर्षांचा की बासष्टचा, हे वाचणाऱ्याला कळायला मार्ग नव्हता. मुद्दा खोडायचा तर मुद्द्यानेच खोडावा लागे. ‘तू काल जन्मलेला पोर’ हे हुकमी उत्तर बाद झाले. आज मोबाइलवर टोपणनावाने लिहिणाऱ्या पोरांवर आपण वैतागतो तेव्हा मला ही जुनी सोय आठवते.

तिचा पुरेपूर उपयोग केला भास्कर पांडुरंग तर्खडकरांनी. व्याकरणकार दादोबा पांडुरंगांचे ते धाकटे भाऊ, जन्म १८१६ चा. १८४१ च्या उत्तरार्धात ‘बॉम्बे गॅझेट’ या इंग्रजी पत्रात त्यांची इंग्रजीत लिहिलेली आठ पत्रे आली, ‘एक हिंदू’ अशा अर्थाच्या सहीने. पत्रे कसली, फिर्यादच ती. देशाचा पैसा इंग्लंडकडे कसा वाहतो आहे, इथल्या मालाला कोणती वागणूक मिळते, अफगाणिस्तानातल्या स्वारीचा भार कुणावर, असे प्रश्न त्यांनी राज्यकर्त्यांना त्यांच्याच भाषेत आणि त्यांच्याच पत्रात विचारले. दादाभाई नौरोजींनी संपत्तीच्या वहनाचा विषय लंडनमध्ये मांडला तो १८६७ साली, म्हणजे सव्वीस वर्षांनंतर. भास्कर पांडुरंग १८४७ मध्येच गेले. त्यांची पत्रे जुन्या फायलींत पडून राहिली. विसाव्या शतकात इतिहासकार ज. वि. नाईक यांनी त्यांचे महत्त्व दाखवून दिले, म्हणून आज आपण त्यांच्याविषयी बोलू शकतो. टोपणनावाने तरुणाला वाचवले खरे, पण श्रेयही जवळजवळ गिळले.

दुसरे उदाहरण वाचकांच्या परिचयाचे आहे. गोपाळ हरी देशमुख यांचे वडील बापू गोखल्यांचे फडणीस. घरात पेशवाईच्या आठवणी ताज्या असणार. या घरातला पंचवीस वर्षांचा मुलगा १८४८ पासून भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’ साप्ताहिकात ‘लोकहितवादी’ या नावाने लिहू लागतो आणि पेशवाई का बुडाली, ब्राह्मण निरुद्योगी का झाले, याचा जाब आपल्याच लोकांना विचारतो. १८५० पर्यंत एकशे आठ पत्रे झाली. शतपत्रे हे नाव आपले सोयीचे. देशमुख तेव्हा सरकारी नोकरीत होते. त्यांची ओळख पुण्यात फार दिवस लपून राहिली असेल असे मला वाटत नाही. तरीही ‘लोकहितवादी कोण ते ठाऊक आहे’ आणि ‘हरिपंतांचा मुलगा असे म्हणाला’ यांत अंतर आहे. त्या अंतराने घरच्यांना मान खाली घालावी लागली नाही, आणि लिहिणाऱ्याला पुढचे पत्र लिहिता आले.

झाकपाकीचा हा मार्ग कुठवर नेतो याचे उत्तर परमहंस सभेने दिले. १८४९ च्या सुमारास मुंबईत स्थापन झालेल्या या सभेत जातिभेद मोडण्याच्या आणाभाका होत, पण गुप्तपणे. पुढे १८६० च्या सुमारास सभासदांची यादी चोरीला गेली, नावे फुटण्याची वेळ आली आणि सभा विरून गेली. याच काळातली एलफिन्स्टनच्या विद्यार्थ्यांची सभा मात्र उघडपणे काम करत होती. १८४९ मध्ये मुलींच्या शाळा काढून सभासद स्वतः तिथे शिकवत, आणि सभेच्या मराठी शाखेचे ‘मराठी ज्ञानप्रसारक’ मासिक १८५० पासून निघू लागले.

आता या सगळ्यांच्या शेजारी एक निबंध ठेवून पाहावा. १८५५ च्या १५ फेब्रुवारी आणि १ मार्चच्या ‘ज्ञानोदय’मध्ये, म्हणजे अमेरिकन मिशनच्या पत्रात, मांग-महारांच्या दुःखाविषयीचा एक निबंध दोन भागांत आला. लिहिणारी मुक्ता, जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांच्या शाळेतली मांग समाजातली मुलगी. शाळेत तीन वर्षे शिकलेली, वय चौदाच्या आसपास. आपण तिला मुक्ता साळवे म्हणतो.

मी इतिहासाचा पदवीधर नाही, सवडीने वाचणारा माणूस आहे. पण त्या पंचवीस वर्षांतले याहून धारदार गद्य माझ्या वाचनात नाही. वेद ब्राह्मणांचे आणि आम्हांला ते पाहायचीही बंदी, तर आमचा धर्म कोणता, असे ती थेट देवालाच विचारते. पेशवाईत तालीमखान्यावरून जाणाऱ्या मांग-महाराचे डोके उडवून गुलटेकडीच्या मैदानात त्याचा चेंडू खेळत, हे ती लिहिते. इमारतीच्या पायात माणसे गाडल्याचे, छपराविना बाळंत होणाऱ्या बायांचे लिहिते. शेवटी आपल्याच लोकांना शिका म्हणून विनवते.

आणि हे सारे नाव सांगून. मुंबई-पुण्याचे शिकलेले तरुण नाव झाकत होते. त्यांच्याजवळ गमावण्यासारखे घर होते, जात होती, नोकरी होती. मुक्तेजवळ यातले काय होते? नाव झाकले असते तर तो निबंध कुणा मिशनऱ्याने किंवा फुल्यांनी लिहिला असेच पुणेकर म्हणाले असते. भास्कर पांडुरंगांना वय लपवून जे साधले, ते तिला वय, जात आणि मुलगी असणे हे तिन्ही उघड करूनच साधायचे होते. तिची साक्ष खरी ठरायची तर साक्षीदार दिसायला हवा होता. मला तर वाटते, गमावण्यासारखे तिच्याजवळही काही होते. ती शाळा होती, आणि शाळेवर पुण्यात किती राग होता हे सावित्रीबाईंच्या चरित्रातून सर्वांना माहीत आहे.

देशमुख पुढे न्यायखात्यात वर चढत गेले, सरदार झाले, विपुल ग्रंथ लिहिले. मुक्तेचे त्या निबंधापलीकडचे लेखन हाती लागलेले नाही. तिला खाऊ देऊ केला तेव्हा तिने ग्रंथालय मागितले, ही गोष्ट हल्ली भाषणांतून सांगतात. गोष्ट गोड आहे, पण निबंध वाचलेल्या माणसाला तिची गरज पडत नाही. ना. वि. जोशी यांनी १८६८ साली पुणे शहराचे वर्णन छापले, त्यात तिचा निबंध घेतला. वाडे, पेठा, देवळे यांची माहिती देणाऱ्या त्या पुस्तकात गुलटेकडीच्या मैदानाची तिने सांगितलेली हकीकतही मग आली. ती तेव्हा सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची असणार.