मुलांचं मेन्यूकार्ड : पथ्यापासून फ्रेंच फ्राईजपर्यंत आणि परत

सुट्टी लागली की खराडीतली बरीच कुटुंबं एक्स्प्रेस-वेने खोपोलीच्या इमॅजिकाला जातात. दिवसभर राइड्स, दुपारी तिथल्याच रेस्टॉरंटमध्ये जेवण. अशा वेळी मुलांसाठी काय मागवता? बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं : फ्राईज, नगेट्स किंवा पिझ्झा, आणि कोल्ड्रिंक. "त्याला हेच आवडतं हो डॉक्टर!"

पण मुलांच्या जेवणाचं हे समीकरण कायम असंच नव्हतं. त्याचा इतिहास उलटाच आहे.

सुरुवात पथ्याने झाली

१८९४ साली न्यूयॉर्कचे बालरोगतज्ज्ञ ल्यूथर एमेट होल्ट यांनी बालसंगोपनावर एक पुस्तक लिहिलं. मुलांना साधं, पचायला हलकं अन्न द्यावं, गोडधोड, केक-पेस्ट्री टाळावी, असा त्यांचा आग्रह होता. पुढे १९२० मध्ये अमेरिकेत दारूबंदी आली. हॉटेलांचं उत्पन्न घटलं आणि त्यांचं लक्ष कुटुंबांकडे वळलं. १९२१ मध्ये न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ-अ‍ॅस्टोरिया हॉटेलात मुलांचं वेगळं मेन्यूकार्ड होतं. त्यात काय होतं? भाताबरोबर चिकन आणि लोण्यातल्या हिरव्या भाज्या. म्हणजे मुलांचा मेन्यू जन्मला तो आरोग्याच्या नावाने!

दुसऱ्या महायुद्धानंतर फास्ट फूडचा काळ आला. तळलेले पदार्थ झटपट होतात, स्वस्त पडतात आणि मुलं कुरकुर न करता खातात. हळूहळू 'मुलांचं जेवण' म्हणजे फ्राईज आणि सोडा असंच ठरून गेलं.

डिस्नेने काय बदललं?

२००६ मध्ये डिस्नेने आपल्या थीम पार्कमधल्या मुलांच्या जेवणात एक छोटा बदल केला. फ्राईजच्या जागी फळं किंवा भाजी आणि सोड्याच्या जागी कमी फॅटचं दूध, पाणी किंवा फळांचा रस. फ्राईजवर बंदी घातली नाही. हवे असतील तर मागायचे, एवढंच. न मागता जे येईल, ते मात्र आरोग्यदायी.

फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डच्या १४५ रेस्टॉरंटमधल्या विक्रीचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. जवळपास ४८ टक्के ग्राहकांनी आरोग्यदायी साइड डिश तशीच ठेवली आणि ६६ टक्क्यांनी पेय. साइड डिश आणि पेयांमधून जाणाऱ्या कॅलरी सुमारे २१ टक्क्यांनी, तर फॅट आणि सोडियम ४० टक्क्यांहून जास्त कमी झालं. तेही ऐन सहलीत, जिथे प्रत्येक आईवडील म्हणतात, "आजच्या दिवस चालेल!" २०१९ पासून कॅलिफोर्नियात तर मुलांच्या जेवणासोबत आधी पाणी किंवा दूधच द्यावं, असा कायदा आहे.

आपल्याकडे

पुण्याच्या पेशवे पार्कात १९५६ मध्ये 'फुलराणी' धावू लागली. तेव्हापासून कित्येक पिढ्यांसाठी सहल म्हणजे फुलराणी आणि नंतर भेळ. पण अशी सहल क्वचित व्हायची. आज मॉल, गेम झोन, वाढदिवसाच्या पार्ट्या धरल्या, तर 'आजच्या दिवस' महिन्यातून कितीदा येतो ते मोजून पाहा.

२०१७ मध्ये महाराष्ट्र सरकारने शाळांच्या कँटीनमध्ये जंक फूडला बंदी केली. जुलै २०२२ पासून मोठ्या रेस्टॉरंट साखळ्यांना मेन्यूवर कॅलरी लिहिणं बंधनकारक आहे. पण भुकेलं मूल आकडे वाचत नाही. त्याच्यासमोर जे येतं, ते खातं.

हिशोब साधा आहे. पाच वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण १३५० कॅलरी लागतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेप्रमाणे त्यात वरची साखर ३४ ग्रॅमपेक्षा जास्त नको. कोल्ड्रिंकच्या ३०० मिलीच्या एका ग्लासात साधारण ३० ग्रॅम साखर असते. म्हणजे एका ग्लासातच दिवसाचा कोटा जवळजवळ संपला!

पुढच्या सहलीला एवढं करा

- ऑर्डर देताना "काय पिणार?" असं विचारू नका. टेबलावर आधी पाणी किंवा ताक येऊ द्या.
- इडली, डोसा, पुलाव, पराठा-दही यांपैकी काही मिळतं का, ते आधी पाहा.
- फ्राईज हवेच असतील, तर एक प्लेट सगळ्यांत मिळून.
- रांगेत भूक लागेल म्हणून केळी, शेंगदाण्याची चिक्की गाडीत ठेवा. बाहेरचं खाणं आत नेता येतं का, हे तिकीट काढतानाच विचारा.
- वेटरला विचारा, "मुलांसाठी फ्राईजऐवजी फळं मिळतील का?" बरेच जण विचारू लागले, तर मेन्यूही बदलतो.

मुलाशी भांडू नका, त्याला नाही म्हणू नका. फक्त न मागता काय समोर येईल, ते तुम्ही ठरवा.