उंबरठ्यावरील हक्क : मालकी, ताबा आणि भाडेकरूचे घर

लोणंद हे सातारा जिल्ह्याच्या खंडाळा तालुक्यातील बाजारपेठेचे गाव होय. पुणे–मिरज लोहमार्गावरील स्थानक, कांद्याचा मोठा व्यापार आणि आळंदीहून पंढरपुरास जाणाऱ्या ज्ञानेश्वरांच्या पालखीचा मुक्काम यांमुळे त्याचे नाव महाराष्ट्रात सर्वपरिचित आहे. अशा गावाची वस्ती केवळ मूळच्या रहिवाशांची राहत नाही. रेल्वेचे नोकर, शिक्षक, पेढीवरचे कारकून, हमाल आणि अलीकडील काळात कारखान्यांतील कामगार अशा माणसांना भाड्याच्या खोलीचाच आसरा घ्यावा लागतो. या खोलीसंबंधी एक प्रश्न वारंवार उद्भवतो. जी खोली एकाच्या मालकीची, पण दुसऱ्याच्या राहणीची आहे, तीत मालकाने राहणाराच्या संमतीवाचून शिरावे काय? प्रश्न वरवर क्षुल्लक भासतो. परंतु त्याच्या उत्तरात ‘मालकी’ आणि ‘ताबा’ या दोन कल्पना एकमेकींपासून कशा विलग झाल्या, याचा दीडशेहून अधिक वर्षांचा इतिहास साठविलेला आहे.

या इतिहासाचा आरंभ घराच्या रचनेपासून करणे योग्य ठरेल. जुन्या वाड्यात दिंडीदरवाजा एक, चौक एक, पाण्याची जागा एक आणि माजघरापासून पडवीपर्यंतच्या खोल्या एकमेकींत उघडणाऱ्या, अशी व्यवस्था असे. मालकाचे कुटुंब ज्या वाड्यात नांदे, त्याच वाड्याची एखादी खोली परगावच्या माणसास बिऱ्हाडासाठी दिली जाई. ‘बिऱ्हाडकरू’ या शब्दात आश्रिताची छटा आहे, तर ‘भाडेकरू’ या शब्दात कराराची. बिऱ्हाडकरूच्या खोलीत मालकाने डोकावणे, तेथे आपले जुने सामान ठेवणे वा दुसरी किल्ली स्वतःजवळ बाळगणे यांत कोणास काही वावगे वाटत नसे, कारण तो संबंध व्यवहाराचा नसून घरोब्याचा मानला जाई. घरोब्याने पुष्कळांचे भले केले यात शंका नाही. मात्र घरोब्यात नकार देण्याची सोय नसते, आणि ज्याला नकार देता येत नाही त्याची संमती गृहीत धरली जाते.

संमतीवाचून घरात शिरणे हा अपमान आहे, ही जाणीव मराठी समाजास नव्हती असे मात्र नाही. १८९७ साली पुण्यात प्लेगच्या निमित्ताने गोऱ्या सैनिकांकडून घरांची झडती घेतली गेली, तेव्हा उठलेला संताप सर्वश्रुत आहे. त्या मोहिमेचा प्रमुख रँड हा पूर्वी सातारा जिल्ह्यातच अधिकारी होता. २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंनी त्याच्यावर गोळी झाडली. माजघर आणि देवघर यांपर्यंत परका पाय पोहोचणे, हे त्या असंतोषाचे एक प्रमुख कारण होते. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, सरकारचा प्रवेश जुलूम म्हणून तत्काळ ओळखला गेला. घरमालकाच्या प्रवेशास मात्र तसे नाव मिळाले नाही. शिरणारा परका असेल तर अन्याय आणि आपल्यातला असेल तर रीत, असा हा भेद होता. तो पुसण्याचे काम समाजाने नव्हे, तर बव्हंशी कायद्याने केले, आणि तेही सावकाश.

पहिले पाऊल १८६० च्या भारतीय दंड संहितेत पडले. तिच्या कलम ४४१ ने फौजदारी अतिक्रमणाची व्याख्या करताना मालमत्ता कोणाच्या मालकीची हे न पाहता, ती कोणाच्या ताब्यात आहे हे पाहिले. ताबेदारास धाक घालण्याच्या, त्याचा अपमान करण्याच्या वा त्यास त्रास देण्याच्या उद्देशाने जो आत शिरतो तो अपराधी. मग तो खुद्द मालक का असेना. राहत्या घराच्या बाबतीत हाच अपराध गृह-अतिक्रमण ठरून कलम ४४८ अन्वये एक वर्षापर्यंतच्या कैदेस पात्र होता. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली असून तिच्या कलम ३२९ मध्ये हेच तत्त्व कायम आहे. तथापि उद्देश सिद्ध करावा लागणे ही या तरतुदीची मर्यादा होय. गळके छप्पर पाहावयास आलो, एवढे मालकाने म्हटले आणि ते खरे असले, तर फौजदारी गुन्हा घडत नाही.

छप्पर पाहण्याच्या या हक्काचा विचार मालमत्ता हस्तांतरणाच्या कायद्यात आढळतो. तो १८८२ चा. पण मुंबई इलाख्यास तो १ जानेवारी १८९३ पासून लागू झाला. त्याच्या कलम १०८ ने दोन्ही पक्षांची कर्तव्ये मांडली. भाडे देणाऱ्या आणि अटी पाळणाऱ्या भाडेकरूस मुदतभर निर्वेधपणे जागेचा उपभोग घेऊ देण्याची हमी मालकाने दिली आहे, असे मानले गेले. उलटपक्षी, मालकास वा त्याच्या माणसास वाजवी वेळी आत येऊन जागेची स्थिती पाहू देणे हे भाडेकरूचे कर्तव्य ठरले. म्हणजे प्रवेशाचा हक्क नाकारला गेला नाही. त्यास वेळेचे आणि प्रयोजनाचे कुंपण घातले गेले. मात्र याच कलमाच्या आरंभी एक महत्त्वाची सवलत आहे. विरुद्ध करार वा स्थानिक रूढी नसेल तरच या तरतुदी लागू होतात. जेथे करार तोंडी आणि रूढी मालकाच्या बाजूची, तेथे कायद्याचे संरक्षण कागदावरच राहण्याचा धोका त्यामुळे उरला.

मालकाने सरळ कुलूप बदलून भाडेकरूस बाहेर ठेवले तर काय, या प्रश्नाचे उत्तर १८७७ च्या विशिष्ट साहाय्य कायद्याने आणि पुढे १९६३ च्या नव्या कायद्याच्या कलम ६ ने दिले. कायदेशीर मार्गावाचून ज्याचा ताबा हिरावला गेला, त्याने सहा महिन्यांच्या आत दावा केल्यास मालकी कोणाची याची चौकशी न करता ताबा परत मिळतो. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश म. क. छागला यांनी के. के. वर्मा खटल्यात (निर्णयसंग्रहात प्रसिद्ध १९५४) हे तत्त्व अधिक स्पष्ट केले. भाडेकरार संपल्यावरही पूर्वीच्या भाडेकरूच्या ताब्यास कायद्याचे संरक्षण असते आणि त्यास बाहेर काढण्याचा मार्ग न्यायालयातूनच जातो, असा त्याचा आशय आहे. ग्वाल्हेरकडील एका जमिनीच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने हीच दृष्टी स्वीकारली. तो निर्णय १९६८ च्या संग्रहात प्रसिद्ध झाला. मुदत संपलेल्या भाडेकरूस जर एवढे संरक्षण आहे, तर नियमित भाडे देणाऱ्याच्या उंबरठ्याचे मोल किती अधिक, हे निराळे सांगावयास नको.

भाडेनियंत्रणाची परंपरा याहून भिन्न कारणांतून जन्मास आली. पहिल्या महायुद्धकाळातील घरटंचाईमुळे मुंबई सरकारने १९१८ साली भाडेनिर्बंधाचा कायदा केला. स्वातंत्र्याच्या वर्षी संमत झालेला १९४७ चा मुंबई भाडे कायदा १३ फेब्रुवारी १९४८ पासून अमलात आला. या कायद्यांचे लक्ष मुख्यतः भाड्याची रक्कम आणि निष्कासन या दोन गोष्टींवर होते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याच्या कलम २८ ने मालकास जागा पाहण्याचा हक्क दिला. परंतु तो वाजवी वेळी आणि आगाऊ सूचना दिल्यानंतरच. १८८२ च्या कायद्यात ‘वाजवी वेळ’ होती. येथे तिच्या जोडीला ‘आगाऊ सूचना’ आली. सूचनेचा अर्थ एवढाच की, आत राहणारी व्यक्ती विचारात घेण्याजोगी आहे. घरोब्याच्या काळात नेमकी हीच गोष्ट गृहीत धरली गेली होती.

आणखी एक बाब विचारार्ह आहे. आज पुष्कळ घरे भाडेपट्ट्याने न देता ‘लिव्ह अँड लायसन्स’ म्हणजे अनुज्ञप्तीच्या कराराने दिली जातात. अनुज्ञप्तीने जागेत हितसंबंध निर्माण होत नाही, म्हणून मालकास केव्हाही आत येता येते, असा समज आढळतो. तो कलम २८ च्या शब्दांशी विसंगत आहे, कारण आगाऊ सूचनेची अट अनुज्ञप्तिधारकाच्या बाबतीतही स्पष्टपणे घातलेली आहे. त्याच अधिनियमाच्या कलम ५५ ने करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक केले, आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर टाकली. नोंदलेला करार नसेल, तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे विरुद्ध पुरावा येईपर्यंत ग्राह्य धरले जाते.

भाडे नियंत्रण अधिनियम प्रत्येक गावास लागू नाही. परिशिष्टात नमूद केलेल्या क्षेत्रांपुरताच तो आहे. म्हणून लहान बाजारगावांचा विचार करताना जुन्या कायद्यांचे महत्त्व अधिक भरते. परिशिष्टाबाहेरील गावातही दंडविधानाचे ताब्यास असलेले संरक्षण, निर्वेध उपभोगाची हमी आणि ताबा परत मिळविण्याचा सहा महिन्यांचा दावा हे तीन आधार उपलब्ध असतात. स्थानिक रूढीचा अडसर दूर करण्यास दोन ओळींचा लेखी करारही पुरेसा ठरतो. पाहणीपूर्वी किती अवधीची सूचना द्यावी, आग वा पाण्याची नळी फुटणे अशा आणीबाणीत काय करावे, आणि दुसरी किल्ली कोणाजवळ राहावी, एवढे त्यात लिहिले म्हणजे मालकाची वास्तू आणि राहणाराचा संसार या दोहोंचे रक्षण होते. कामावर गेलेल्या पतीमागे घरी एकटी असणारी स्त्री किंवा शिक्षणासाठी खोली घेऊन राहणारी मुलगी यांच्या दृष्टीने तर हा प्रश्न सोयीचा नसून निर्भयतेचा आहे.

आषाढीच्या वाटेवर लोणंदला वारकऱ्यांसाठी घरे उघडी होतात. या आतिथ्यात आणि मालकाच्या अनाहूत प्रवेशात जो भेद आहे, त्यातच या साऱ्या इतिहासाचे सार आहे. दार उघडण्याचे पुण्य जो आत राहतो त्याचे असते; भिंती ज्याच्या नावावर आहेत त्याला ते परस्पर घेता येत नाही. मालकी सातबाऱ्यावर वा मिळकतपत्रिकेवर नोंदली जाते, पण उंबरठा राहणाराचा असतो. १८६० पासून २०२४ पर्यंतच्या कायद्यांनी निरनिराळ्या भाषेत हेच सांगितले आहे. मात्र घरोब्याच्या रीतीत वाढलेल्या समाजाने ते अंगी बाणवले, असे अद्याप म्हणता येत नाही.