रोग न दिसणे आणि रोग नसणे

पिकांच्या रोगप्रतिकाराचे अनुवंशशास्त्र शिकायला बसले की बहुतेक पुस्तके वाचकाला आधी भाताच्या खाचरात नेतात. मराठवाड्यातल्या वाचकाने इतक्या लांब जायचे कारण नाही. शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीतून जालना रस्त्याला लागले, की कारखाने मागे पडतात आणि बियाण्यांचा मुलूख सुरू होतो. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली जालन्यात ‘महिको’ स्थापन केली. १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, हे पुष्कळांना माहीत असते. पण त्यांच्या बीजोत्पादनाचा आरंभ भेंडीच्या ‘पुसा सावनी’ या वाणापासून झाला, हे थोड्यांना ठाऊक असते. या विषयात शिरायला मला पुसा सावनीइतके चांगले दार दुसरे दिसत नाही.

भेंडीच्या पानाच्या शिरा पिवळ्या पडतात, मग अख्खे पान पिवळे होते, फळेही फिकट आणि निबर निघतात. शेतकरी याला केवडा म्हणतात. मुंबई इलाख्यातून कुलकर्णी यांनी १९२४ साली या रोगाची नोंद केली. उप्पल, वर्मा आणि कपूर यांनी १९४० साली तो विषाणूजन्य असल्याचे दाखवले. विषाणू पसरतो पांढऱ्या माशीमार्फत. माशीवर औषध मारता येते, पण झाडात एकदा शिरलेल्या विषाणूवर फवारणी चालत नाही. तेव्हा उपाय बियाण्यातच शोधावा लागतो.

दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत तो शोधला गेला. बंगालमधून मिळालेल्या ‘आयसी १५४२’ या नमुन्याचा ‘पुसा मखमली’शी संकर करून पुसा सावनी तयार झाली, आणि काही वर्षे तिने केवड्याची धास्ती घालवली. मात्र या बंगाली नमुन्यात एक मेख होती. विषाणू त्याच्या अंगात असे, पण पानावर दिसत नसे. म्हणजे झाड निरोगी नव्हते, नुसते निरोगी दिसत होते. ‘या वाणावर रोग येत नाही’ असे आपण सहज म्हणतो, तेव्हा त्यामागे निदान तीन वेगळ्या गोष्टी असू शकतात. माशी त्या झाडावर बसत नसेल. बसून विषाणू आत सोडला तरी तो वाढत नसेल. किंवा वाढत असूनही पान हिरवेच राहत असेल. तिन्हींमागची जनुके वेगळी असू शकतात आणि तिन्हींचे आयुष्यही सारखे नसते. हा भेद न करता केलेली पुढची सगळी मोजदाद माझ्या मते वाया जाते.

मोजदाद महत्त्वाचीच आहे. पुसा सावनीच्या घराण्यातली सहनशीलता दोन अप्रभावी जनुकांवर चालते, असे १९६२ साली मांडले गेले. परभणीच्या कृषी विद्यापीठात जांभळे आणि नेरकर यांनी भेंडीचा संकर तिच्या रानटी भावकीशी केला, आणि १९८१ साली दाखवले की तिथला प्रतिकार एकाच प्रभावी जनुकामुळे येतो. हा फरक पुस्तकी वाटेल, पण देऊळगाव राजाच्या शेडनेटमध्ये संध्याकाळी भेंडीच्या कळीतले पुंकेसर काढून सकाळी दुसऱ्या वाणाचा पराग लावणाऱ्या माणसाच्या मजुरीशी त्याचा थेट संबंध आहे. प्रभावी जनुक एका पालकात असला तरी संकरित बियाण्यात त्याचा गुण उतरतो. अप्रभावी असेल तर तो आई आणि बाप, दोघांतही आधी बसवावा लागतो, आणि त्यात कैक हंगाम जातात.

परभणीचे काम कागदावर वाटते तितके सोपे नव्हते. इतक्या लांबच्या नात्यातल्या संकराची झाडे जेमतेम बी धरतात, कधी धरतही नाहीत. जे बी मिळेल त्याचा पुन्हा पुन्हा पुसा सावनीशीच संकर करायचा, दर पिढीत रानटीपण कमी करायचे आणि तो एक गुण तेवढा हातचा जाऊ द्यायचा नाही. असे करत १९८० च्या दशकात ‘परभणी क्रांती’ हा वाण आला आणि महाराष्ट्राबाहेरही पोचला. विद्यापीठाने नावात क्रांती घातली, तेव्हा ती फारशी अतिशयोक्ती नव्हती. पण पुढे तिच्यावरही केवडा दिसू लागला. केवड्यामागे एकच विषाणू नसून त्यांचे एक कुटुंब आहे. जोस आणि उषा यांनी २००३ साली दाखवले की नुसता मुख्य विषाणू टोचला तर लक्षणे सौम्य राहतात, आणि त्याच्यासोबत एक छोटा उपग्रही डीएनए असला की शिरा खऱ्या अर्थाने पिवळ्या पडतात. रोग असूनही तो का दिसत नाही, याला झाडाच्या बाजूने जसे उत्तर आहे तसे विषाणूच्या बाजूनेही आहे.

भातात हे प्रश्न रेणूपर्यंत पोचले आहेत, म्हणून तिकडे वळायचे. कोकणात ज्याला कडा करपा म्हणतात त्याचा जिवाणू भाताच्या पेशीत आपले प्रथिन सोडून साखर बाहेर सोडणाऱ्या एका जनुकाची कळ दाबतो आणि स्वतःचे पोट भरतो. ‘एक्सए-१३’ या अप्रभावी प्रतिकारात ती कळच बदललेली असते, त्यामुळे जिवाणूला दाबायला काही सापडत नाही. कळ दोन्ही प्रतींत बदललेली हवी, नाहीतर उरलेली एक प्रत साखर सोडतेच. अप्रभावी असण्याचे इतके स्वच्छ कारण क्वचितच सापडते. ‘एक्सए-२१’ची तऱ्हा उलटी आहे. मालीतल्या रानटी भातातून आलेला हा प्रभावी जनुक पेशीच्या पृष्ठभागावर पहारा ठेवतो. १९९५ साली तो वेगळा काढण्यात आला. हे दोन्ही आणि ‘एक्सए-५’ असे तीन जनुक हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी सांबा मसुरीत एकत्र बसवले आणि २००८ साली सुधारित सांबा मसुरी आली. एक तटबंदी ढासळली तरी दुसरी उभी राहावी, हा त्यामागचा हिशेब.

भेंडीचा हिशेब इतका पुढे गेलेला नाही. तिची गुणसूत्रे बहुधा १३० च्या घरात, भाताची फक्त २४. त्यामुळे नव्याने येणाऱ्याला इथे करण्यासारखे पुष्कळ आहे. सुरुवात प्रयोगशाळेत नको, शेतात करावी. चाचणीच्या ओळींमध्ये रोगाला लवकर बळी पडणारा वाण मुद्दाम पेरतात, म्हणजे माशी आणि विषाणू सगळीकडे सारखे पोचतात. या कामासाठी आता पुष्कळदा पुसा सावनीच निवडतात. त्या प्लॉटवर कीटकनाशक मारायचे नाही. आणि जे झाड हिरवे राहील त्याच्या पानात विषाणू आहे की नाही, हे तपासल्याशिवाय वहीत ‘प्रतिकारक्षम’ असे लिहायचे नाही.