वाऱ्याच्या उलट

इ.स. १८२६ मध्ये ब्रिस्टलचे शिक्षक जॉर्ज पोकॉक यांनी पतंगांनी ओढावयाच्या गाडीची पेटंट-सनद मिळविली, तेव्हा नाक्यावरील अंमलदारांची पंचाईतच झाली. कारण पथकर घोडे मोजून आकारावयाचा आणि या वाहनास घोडाच नव्हता! १९०३ मध्ये सॅम्युएल कोडी यांनी पतंगाच्या बळावर नावेतून इंग्लिश खाडी ओलांडली. तथापि पाण्यात पडलेला पतंग पुन्हा उठविण्याची विवंचना मिटू लागली, ती फ्रान्सच्या लेगेन्यू बंधूंनी १९८४ मध्ये हवा भरलेल्या नळ्यांच्या पतंगाचे पेटंट घेतल्यानंतर.

पतंगाच्या ओढीने, फळीवर उभे राहून पाण्यावरून धावण्याच्या खेळातील आरंभीचे स्वार वाऱ्यासरशी दूर वाहवत जात आणि फळी काखोटीस मारून, पतंग सांभाळीत, वाळूतून पायपीट करीत मूळ जागी परतत. वाऱ्याच्या उलट चढावयाचे, तर फळीची वाऱ्याकडील कड पाण्यात रुतवावी लागते. टाचांवर भार असता हे त्यामानाने सुकर. परंतु एकाच टोकाने पुढे जाणाऱ्या त्या जुन्या फळीवर वळण घेऊन जो पाय बदलीत नसे, त्यास पायाच्या बोटांवर भार देऊन, छाती वाऱ्याकडे व पाठ पतंगाकडे अशा पिळलेल्या देहाने, कंबर पुढे रेटीत, एका हाताने पतंगाची दांडी सावरावी लागे. पुढे दोन्ही टोकांनी सारखीच चालणारी फळी आली आणि बहुतेकांनी हा पीळ आनंदाने सोडून दिला. लाटांवर खेळणाऱ्यांनी मात्र जुनीच फळी राखली.