पेशन्सचा डाव

घर घेताना आपण विसार देतो. ठरलेल्या मुदतीत, ठरलेल्या किमतीला ते घेण्याचा हक्क मिळतो. नाही घेतलं तर विसार बुडतो. शेअर बाजारातलं ‘ऑप्शन’ जवळजवळ असंच. मुंबईच्या जुन्या कापूस बाजारात अशा सौद्यांना ‘तेजी-मंदी’ म्हणत. आता हा विसार किती घ्यावा? १९०० साली पॅरिसमध्ये लुई बॅशेलिए यांनी या प्रश्नावर प्रबंध लिहिला. फिशर ब्लॅक आणि मायरन शोल्स यांचं सूत्र यायला मात्र १९७३ उजाडावं लागलं.

पण ते सूत्र फक्त शेवटच्या दिवसाचा भाव पाहणाऱ्या सौद्याचं. खनिज तेल वर्षभर थोडंथोडं घेणाऱ्या कारखान्याला शेवटच्या दिवसाशी काय देणंघेणं? त्याला वर्षाच्या सरासरी भावावरचा हक्क हवा असतो. तिथं भाव कोणत्या वाटेनं गेला यावर सगळं अवलंबून, आणि त्याला साधं सूत्र नाही.

याचं उत्तर मिळालं ते एका आजाऱ्याकडून. १९४६ साली स्तानिस्लाव्ह उलाम हे गणिती मोठ्या आजारातून उठत होते आणि वेळ घालवायला पेशन्स खेळत होते. डाव सुटण्याची शक्यता किती, याचा हिशेब त्यांनी मांडून पाहिला, जमेना. मग सुचलं, शंभर डाव खेळावेत आणि किती सुटले ते सरळ मोजावं! जॉन फॉन नॉयमन यांच्या साथीनं ही युक्ती अणुबाँबच्या संशोधनात, न्यूट्रॉनच्या हिशेबाला लागली. जुगाराच्या गावावरून तिचं नाव पडलं मॉन्टे कार्लो.

डब्लिनला शिकून कॅनडात प्राध्यापक झालेल्या फेलिम बॉयल यांनी १९७७ मध्ये ती ऑप्शनला लावली. भावाच्या हजारो काल्पनिक वाटा काढायच्या, प्रत्येकीवर हक्काचे किती मिळाले ते पाहायचं, सरासरी काढायची. अडचण एकच. चूक दहापट कमी करायची तर डाव शंभरपट खेळावे लागतात. १९९० मध्ये केम्ना आणि व्होर्स्ट या डच अभ्यासकांनी सरासरीच्या सौद्यापुरता सुरेख तोडगा काढला. बेरजेच्या सरासरीला सूत्र नाही, पण गुणाकाराच्या, म्हणजे भूमितीय सरासरीला आहे. मग त्याच वाटांवर दोन्ही मोजा, दुसरीत किती चुकलो ते कळतंच, त्यावरून पहिली दुरुस्त करा. मला तर ही युक्ती मूळ सूत्राहून जास्त आवडते.

मुदतीआधी केव्हाही वापरता येणाऱ्या हक्कालाही २००१ मध्ये लॉन्गस्टाफ आणि श्वार्ट्झ यांनी या पद्धतीत बसवलं.

हे सगळं मी घरच्या संगणकावर करून पाहिलं. शेअर शंभर रुपयांचा, मुदत एक वर्ष, व्याज शून्य, वार्षिक चढउतार वीस टक्के धरला. सरासरीवरच्या हक्काची किंमत आली सुमारे चार रुपये साठ पैसे. दहा हजार वाटांना सात पैशांची चूक संभवत होती. दहा लाख वाटा काढल्यावर ती पैशाच्याही आत आली. मी खूश! मग सहज वीसच्या जागी तीस टक्के घातले. किंमत झाली सहा रुपये नव्वद पैसे. पुढच्या वर्षीचा चढउतार वीस की तीस, हे संगणक सांगत नाही. ते आपणच त्याला सांगायचं असतं.

१९ ऑक्टोबर १९८७ रोजी न्यूयॉर्कचा डाऊ जोन्स निर्देशांक एका दिवसात २२.६ टक्के कोसळला. माझ्या दहा लाख वाटांमध्ये असा एकही दिवस नव्हता.